सही कुठे करायची, तेवढं सांगा

प्रति,
देशाच्या हवाई वाहतुकीचे नियम करणारे, विमानतळांवर बसून आकाश सांभाळणारे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत परवानग्या देणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याची. सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर दर रविवारी सकाळी आठ-दहा मुलंमुली जमतात. कुणी नववीत, कुणी पॉलिटेक्निकला, एकजण वडिलांबरोबर सुतारकाम करतो. त्या खोलीच्या तुळईला गेले चौदा महिने एक विमान टांगलेलं आहे. पंखांची लांबी एक मीटर दहा सेंटिमीटर, वजन बॅटरीसकट ४२० ग्रॅम. इंजिन नाही. पंखातल्या कामट्या पतंगवाल्याकडच्या बांबूच्या, सोललेल्या आणि काचेनं तासलेल्या. मुलांनी त्याचं नाव 'टिटवी' ठेवलं आहे, कारण ज्या मैदानावर ते पहिल्यांदा हातानं सोडलं तिथे टिटवीनं अंडी घातली होती आणि ती आम्हाला जवळ येऊ देत नव्हती.

हे विमान हेलियमच्या फुग्याला बांधून वीस किलोमीटर उंचीवर न्यायचं, तिथे दोरी तोडायची आणि त्याला स्वतःच्या पंखांवर तरंगत खाली येऊ द्यायचं, एवढी आमची इच्छा आहे. जगात हौशी माणसं हे करत आली आहेत. २०१० साली ब्रिटनमधल्या काही जणांनी स्पेनमध्ये जाऊन फुग्यातून कागदी विमान सोडलं, ते सुमारे २७ किलोमीटरवरून सुटलं. २०१५ मध्ये इंग्लंडमधून गेलेलं कागदी विमान ३५ किलोमीटरवर पोचलं. आपल्याकडेही मुलांचे फुगे उडाले आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये रामेश्वरमहून शाळकरी मुलांनी बांधलेले शंभर चिमुकले उपग्रह हेलियमच्या फुग्यांनी वर गेले. म्हणजे मनावर घेतलं की हे आपल्या देशातही जमतं.

मी परवानगीसाठी अर्ज केला. एका कार्यालयातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. कुणीही वाईट बोललं नाही, हे आधी सांगते. एका ठिकाणी साहेबांनी 'टिटवी' स्वतः हातात घेतली, पंख हलकेच वाकवून पाहिला आणि मनापासून विचारलं, "हे मुलांनी केलंय?" मग फाइल मिटली आणि म्हणाले, "बाई, सगळं ठीक आहे. पण उद्या काही झालं, तर जबाबदारी कोण घेणार?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र लिहिते आहे. प्रश्न रास्त आहे. तुमच्या खुर्चीत मी असते तर मीही हाच विचारला असता.

पण आधी २०२३ ची गोष्ट सांगायला हवी, कारण माझं मत तिथे तयार झालं. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही एक फुगा सोडला होता. विमान नव्हतं, नुसता थर्माकोलचा डबा, त्यात तापमान आणि दाब मोजणारी उपकरणं, कॅमेरा आणि पॅराशूट. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा तो प्रकल्प होता, परवानगी तिथल्या प्राध्यापकांनी मिळवली होती, आमची मुलं मदतीला होती. डभोईच्या पुढे एका शेतातून सकाळी सात वाजता फुगा सुटला. पाच मीटर सेकंदाला या वेगानं वर चढला. बारा किलोमीटरपर्यंत आमच्या लॅपटॉपवर त्याची जागा दर अर्ध्या मिनिटाला दिसत होती, आणि मग उंचीचा आकडा गोठला. बारा हजारावर अडकला तो अडकलाच. चूक आमची होती. साध्या जीपीएस चिपला वर जायचं असेल तर तिला आधी उडत्या वस्तूंसाठीच्या मोडमध्ये टाकावं लागतं, नाहीतर ती बारा किलोमीटरच्या वरचं उत्तर देत नाही. हे आम्हाला माहीत होतं. ती एक ओळ प्रोग्रॅममध्ये लिहिलीही होती, पण चिपला वीज मिळण्याआधीच ती पाठवली जात होती. जमिनीवर शंभर वेळा तपासताना हे कळणं शक्यच नव्हतं, कारण जमिनीवर दोन्ही मोड सारखेच वागतात.

डबा गेला. त्या दिवसांत गुजरातवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह ऐन जोरात असतो, बारा किलोमीटरवर ताशी दीडशे किलोमीटरसुद्धा. आम्ही नकाशावर रेघ ओढली, ती छोटाउदेपूर ओलांडून मध्य प्रदेशात अलीराजपूर जिल्ह्यात जात होती. दोन गाड्या घेऊन निघालो, रात्रीपर्यंत विचारत फिरलो, काही हाती लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. डब्यावर माझा नंबर होता.

आपल्याला आठवत असेल, त्याच महिन्याच्या चार तारखेला अमेरिकेनं चीनचा मोठा फुगा क्षेपणास्त्र मारून पाडला होता. बातम्यांत दुसरं काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी तीन वस्तू पाडल्या, आणि त्यातली एक बहुधा इलिनॉय राज्यातल्या हौशी मंडळींनी सोडलेला काही ग्रॅमचा फुगा असावा असं नंतर पुढे आलं. अशा दिवसांत आमचा डबा, चांदीच्या फॉईलमध्ये गुंडाळलेला, वर तारेची अँटेना, आत लुकलुकणारा लाल दिवा, एका वाडीतल्या मोहाच्या झाडावर लटकला. बकऱ्या चारणाऱ्या एका बाईनं तो पाहिला. तिनं पोरांना हात लावू दिला नाही आणि सरपंचाला निरोप धाडला. सरपंचानं पोलिसांना. आम्ही पोचलो तेव्हा डबा ठाण्याच्या अंगणात, चारी बाजूंनी वाळूच्या पोत्यांनी वेढलेला होता. ते ठाणं, ते अंगण, ती पोती मी विसरू शकत नाही. आसपास होळीआधीच्या भगोरिया जत्रेची तयारी चाललेली, ढोलाचा आवाज येत होता, आणि दोन दिवस तिथल्या माणसांनी आमच्या डब्याच्या भीतीत काढले होते.

डब्यावर चिठ्ठी होती. 'हे शैक्षणिक उपकरण आहे, धोका नाही.' ती आम्ही गुजरातीत आणि इंग्रजीत लिहिली होती. त्या बाईला दोन्ही येत नव्हत्या. आज आमच्या डब्यावर हिंदी असते, भिलीतली दोन वाक्यं असतात, ती एका तिकडच्याच शिक्षकाकडून लिहून घेतली आहेत, आणि मुलीनं काढलेलं एक चित्र असतं: फुगा, छत्री, हसणारा डबा. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून.

तिथल्या हवालदारांनी आमचा जबाब लिहून घेतला. चहा दिला. निघताना म्हणाले, "मॅडम, हरकत काही नाही. पण आधी एक फोन केला असता, की आज दुपारी तुमच्या बाजूला असं असं पडू शकतं, तर आम्ही गावांत सांगून ठेवलं असतं. मीच पोरांना घेऊन शोधायला गेलो असतो."

कार्यालयातल्या साहेबांचा प्रश्न आणि हवालदारांचं हे म्हणणं, दोन्ही माझ्या मनात शेजारी शेजारी बसले आहेत. एकजण विचारतो जबाबदारी कोण घेणार, दुसरा म्हणतो आधी सांगा. माझं सगळं म्हणणं या दोघांच्या मध्ये आहे. जबाबदारी मी घेते. लेखी घेते. पण ती नोंदवायची कुठे, फोन कुणाला करायचा, याची जागाच आज माझ्यासारख्या माणसाला नाही.

नियमांत आमची जात कुठे बसते ते मी तपासलं. ड्रोन नियम २०२१ मध्ये पंचवीस किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांना शिक्षण, संशोधन, हौस यांसाठी बरीच मोकळीक आहे. माझ्या मते तो फार चांगला नियम आहे. पण त्यात अट अशी की विमान उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात हवं, आणि हिरव्या पट्ट्यात, म्हणजे जिथे आधी परवानगी लागत नाही तिथे, उंचीची मर्यादा चारशे फूट. वीस किलोमीटरवरचं विमान नजरेत कसं राहणार? दुसरीकडे, मोकळ्या सोडलेल्या, माणूस नसलेल्या फुग्यांसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची वर्गवारी आहे. हलका, मध्यम आणि जड. खाली लटकणारं सगळं सामान मिळून चार किलोच्या आत, कोणताही डबा आकाराच्या मानानं फार जड आणि टणक नाही, दोरी जोर लावला की तुटणारी, असं असेल तर तो हलका. आमचं सगळं मिळून दीड किलो भरतं. म्हणजे फुगा हलक्या वर्गात, विमान मॉडेलच्या वर्गात, आणि दोन्ही एकत्र बांधले की कुठल्याच रकान्यात नाहीत. जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. नव्वद वर्षांनी घर नव्यानं लावलं जात आहे. त्यात आमच्यासाठी एक खुंटी मारा, इतकंच मागणं.

'टिटवी'बद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण कागदावर 'घरगुती विमान' वाचलं की डोळ्यांसमोर खेळणं येतं किंवा धोका येतो, आणि ती दोन्ही नाही.

आपल्या अक्षांशावर सोळा-सतरा किलोमीटर उंचीला हवा सर्वांत थंड असते, उणे ७५ ते उणे ८० अंश सेल्सिअस. मे महिन्यात बडोद्यात बेचाळीस अंशांत घाम पुसताना मुलांना हे खरंच वाटत नव्हतं. मग आम्ही ड्राय आइस आणला. गोठवलेला कार्बन डायऑक्साइड उणे साडेअठ्ठ्याहत्तर अंशांना असतो, म्हणजे जवळजवळ नेमकं तेच तापमान, औद्योगिक गॅसवाल्याकडे किलोवर मिळतं. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून, आईच्या काळातल्या लाडवांच्या पत्र्याच्या डब्यात थर्माकोल बसवून आम्ही त्यात विमानाची शेपूट ठेवली. शेपटीचा पडदा हलवणारी छोटी मोटर, सर्वो म्हणतात तिला, पहिली सात मिनिटं छान चालली. आठव्या मिनिटाला तिचा आवाज बदलला. आधी गुणगुणत होती, मग कण्हल्यासारखी झाली आणि थांबली. आतलं ग्रीस घट्ट झालं होतं. आमच्या सुताराच्या मुलानं ती उघडली, एकेक दातेरी चाक पेट्रोलनं धुतलं आणि ग्रीसऐवजी शिसपेन्सिलीचं ग्रॅफाइट चोळून परत बसवली. पुढच्या रविवारी ती दीड तास चालली. दीड तास आम्ही दहाजण त्या डब्याभोवती बसून एक बोटभर पट्टी वरखाली होताना बघत होतो. मी शिकवण्याच्या सव्वीस वर्षांत इतका शांत वर्ग बघितलेला नाही.

दोरी तोडायला नायक्रोमची तार आहे. तापली की नायलॉनची दोरी वितळते. खोलीत तीन सेकंद लागतात, ड्राय आइसच्या डब्यात अकरा लागले. म्हणून आता वीस सेकंद वीज देतो आणि दोन तारा लावतो. एक निकामी झाली तर दुसरी. दोन्ही निकामी झाल्या तर विमान फुग्याबरोबर वर जातं, फुगा फुटतो आणि पॅराशूटला लटकून खाली येतं. हे तिन्ही प्रसंग आम्ही इमारतीच्या गच्चीवरून करून पाहिले आहेत.

वर हवा इतकी विरळ असते की तिथे तरंगायला जास्त वेग लागतो. 'टिटवी' जमिनीलगत सेकंदाला आठ मीटरला तरंगते, वीस किलोमीटरवर तिला तीस लागतील. आणि तीस किलोमीटरवर सोडली तर पासष्ट, तेवढ्यात पंख थरथरायला लागतील. म्हणून आम्ही तीसचा मोह सोडला आणि वीसवर थांबलो. मुलांनी स्वतः हिशेब करून हा निर्णय घेतला. विक्रम मोडायचा नाही असं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी ठरवणं ही काय गोष्ट आहे, हे ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना कळेल.

आणि विमानच का, नुसता डबा का नाही, याचं उत्तर त्या मोहाच्या झाडापाशी आहे. पॅराशूट वाऱ्याच्या स्वाधीन असतं. वारा नेईल तिथे पडतं, झाडावर, रस्त्यावर, कुणाच्या अंगणात. पंख असलेली वस्तू जागा निवडू शकते. 'टिटवी'च्या डोक्यात आम्ही एका पडीक रानाचे अक्षांश-रेखांश घातले आहेत आणि ती त्याभोवती गोल घिरट्या घालत उतरायला शिकली आहे. जेट प्रवाहाशी ती झुंजू शकणार नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. बारा किलोमीटरवर तिचा स्वतःचा वेग सेकंदाला सोळा-वीस मीटर, आणि फेब्रुवारीचा वारा त्याच्या दुप्पट. म्हणून आम्ही फेब्रुवारी मागत नाही. पाऊस परतल्यावर आणि हिवाळी जेट प्रवाह खाली सरकण्याआधी काही आठवडे वरचे वारे मंद असतात. दसरा ते दिवाळी. नेमकं सीमोल्लंघनाच्या सुमाराला.

आता अवघड भागाकडे येते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत युटा राज्यावरून छत्तीस हजार फुटांवर उडणाऱ्या एका प्रवासी विमानाच्या समोरच्या काचेवर काहीतरी आदळलं, काच तडकली, वैमानिकाच्या हाताला काचा लागल्या. विमान सुखरूप उतरलं. हवामानाचे फुगे सोडणाऱ्या एका कंपनीनं पुढे येऊन सांगितलं, की तो बहुधा आमचाच फुगा असावा. त्याचं वजन सुमारे ११०० ग्रॅम होतं. हलक्या वर्गातला, नियमात बसणारा.

ही बातमी मी लपवली नाही. त्या रविवारी मुलांना वाचून दाखवली आणि विचारलं, आता काय करायचं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातली सर्वांत लहान मुलगी म्हणाली, "नाकातल्या बॅटऱ्या." 'टिटवी'च्या नाकात आम्ही चार लिथियम सेल एकावर एक रचले होते, तोल सांभाळायला सोयीचं पडतं म्हणून. तो विमानातला सर्वांत टणक, सर्वांत घट्ट गोळा होता, आणि तोच सगळ्यात पुढे. दोन महिने खपून त्यांनी ते सेल पंखात एकेक करून पसरले, शेपटी लांबवून तोल पुन्हा साधला आणि नाक नुसत्या मऊ फोमचं केलं. आज त्या विमानात एका जागी पस्तीस ग्रॅमहून जड असं काही नाही. फुग्याखाली स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉईलचा कोनाकोनांचा तारा लटकवला आहे, रडारला दिसावा म्हणून. कायद्यानं तो आमच्या वर्गाला लागत नाही, पण असू द्या.

तरीही धोका शून्य झाला, असं मी म्हणणार नाही. बडोद्यावरून दिल्ली-मुंबईची विमानं जातात हे तुम्ही मला सांगायची गरज नाही, रात्री गच्चीवर झोपणाऱ्या माणसाला ते दिवे पाठ असतात. उरलेला धोका आमच्या फोमनं कमी होणार नाही. तो तुमच्या माहितीनं कमी होईल. प्रवासी विमानं नऊ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात उडतात. आमचा फुगा तो पट्टा वर जाताना दहा मिनिटांत ओलांडतो, विमान उतरताना साधारण वीस मिनिटांत. म्हणजे अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. तो अर्धा तास नेमका कोणता, हे मी तुम्हाला आदल्या दिवशी सांगू शकते, सकाळी पुन्हा सांगू शकते आणि उड्डाण चालू असताना दर दहा मिनिटांनी सांगू शकते. ब्रिटनमध्ये हौशी मंडळी आधी परवानगी मागतात, ती मिळाली की वैमानिकांसाठी नोटॅम, म्हणजे सावधगिरीची सूचना, निघतो आणि सगळ्यांना माहीत असतं की अमुक जागेवरून अमुक वेळी फुगा येणार आहे. आपलं हवामान खातं रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला देशभरातून फुगे सोडतं, त्यात अहमदाबादही आहे. इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. ते सुरक्षित आहेत, कारण ते कधी आणि कुठून येणार हे आकाश सांभाळणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे.

नकार देऊन फुगे थांबत नाहीत, हेही विनयानं सांगते. हेलियम मिळतं, फुगा कुरियरनं येतो. ज्याला घाई आहे तो कुणालाही न विचारता सोडून मोकळा होतो, आणि त्याची नोंद तुमच्याकडे नसते. नोंद फक्त विचारणाऱ्याच्या नकाराची होते.

आमच्या शहराला याचं एक उदाहरण घरचंच आहे. उत्तरायणाला बडोद्याच्या गच्च्यांवर पाय ठेवायला जागा नसते. मांजानं माणसं कापली गेली, पक्षी तर किती. तेव्हा पतंग बंद करा असं कुणी म्हटलं नाही. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, आणि सुती दोऱ्याचा पतंग चालू राहिला. जीवघेणं काय आणि आनंदाचं काय हे वेगळं करून पाहिलं गेलं. आमच्या बाबतीतही तसंच पाहा, एवढीच विनंती.

माझं मागणं असं आहे. चार किलोच्या आतला फुगा आणि त्याखाली अर्ध्या किलोच्या आतलं बिनइंजिनाचं विमान, शिक्षणासाठी, अशी एक वेगळी नोंद नियमांत करा. त्यासाठी एकच अर्ज असू द्या, आणि त्याचं उत्तर ठरावीक दिवसांत द्या, मग ते 'नाही' का असेना. 'नाही' बरोबर कारण लिहा, आम्ही ते दुरुस्त करून परत येऊ. हरणीच्या विमानतळापासून बारा किलोमीटरच्या पलीकडे, पूर्वेला, वाघोडिया किंवा बोडेलीच्या बाजूला तुम्ही म्हणाल ते एक मैदान ठरवा. वर्षातल्या चार सकाळी द्या, तुम्ही निवडलेल्या. त्या सकाळी उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या. आणि वाऱ्याच्या दिशेला जे जिल्हे येतात, मग ते दुसऱ्या राज्यातले असोत, तिथल्या पोलिसांना आपोआप कळेल अशी सोय करा, म्हणजे पुन्हा कुणाच्या अंगणात वाळूची पोती रचावी लागणार नाहीत. अर्जावर जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव, पत्ता, विमा, सगळं घ्या. नियम मोडला तर शिक्षा ठेवा. मी तीही वाचून सही करीन.

लोक मला म्हणतात, अहो, हे सगळं बडोद्यातच का, मोठ्या संस्थांना करू द्या. मोठ्या संस्था करतातच आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलूनकेंद्र आहे. तिथूनच जानेवारी २००१ मध्ये जयंत नारळीकर सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगाचा फुगा गेला होता आणि ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने घेऊन आला, त्या उंचीवर सूक्ष्मजीव आहेत का ते पाहायला. मुलांना मी हा प्रयोग शिकवते. पण संस्थेत पोचायच्या आधी मूल कुठेतरी सुरू होतं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते याच गावात, हातानं करून शिकावं म्हणून. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये याच गावात सी-२९५ विमानांचा कारखाना सुरू झाला, हवाई दलाच्या छप्पन्नपैकी चाळीस विमानं इथे जोडली जाणार आहेत. त्या कारखान्याच्या बातम्या आमच्या खोलीतली मुलं कात्रणं काढून भिंतीला लावतात. त्यांतल्या दोघांना तिथे काम करायचं आहे.

आमच्यासमोर कुणी घरगुती विमानाचा विषय काढला की हमखास शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव निघतं. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं, सयाजीराव महाराज हजर होते, असं सांगतात. मुलं डोळे विस्फारून ऐकतात. मी त्यांना सांगते की त्या दिवसाची खात्रीची, त्या वेळची लेखी नोंद आपल्याकडे नाही, म्हणून आपण ते घडलं असं म्हणू शकत नाही. उडालं असेल तर ती नोंद नसणं हेच मोठं दुःख आहे. म्हणून आमच्या वहीत दर चाचणीची तारीख, तापमान, वेळ, कोण हजर होतं, काय बिघडलं, सगळं लिहिलेलं असतं, खाडाखोडीसकट. ही वही पाच वर्षांची आहे. वीस किलोमीटरवरून 'टिटवी' उतरली तर त्या पानावर तुमच्याही कार्यालयाचा शिक्का असावा, असं मला मनापासून वाटतं.

पॉलिटेक्निकमधला मुलगा येत्या जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला जातो आहे. ज्यानं सर्वोतली चाकं धुतली त्याच्या वडिलांना आता पूर्ण वेळ हात हवा आहे. मुलं थांबत नाहीत, वय थांबत नाही. येत्या दसऱ्याला जमलं तर ही सगळी मैदानावर एकत्र असतील. त्यानंतरचं मला सांगता येणार नाही.

निर्णय घेण्याआधी आपल्यापैकी कुणीतरी येऊन पाहावं. रविवारी सकाळी नऊ ते एक आम्ही असतो. विमान उघडून दाखवू, वही चाळायला देऊ, दोरी तोडणारी तार तुमच्यासमोर तापवू. थंडीची चाचणी पाहायची असेल तर दोन दिवस आधी कळवावं. ड्राय आइस शुक्रवारी सांगितला तरच शनिवारी मिळतो, आणि रविवारपर्यंत त्यातला निम्मा उडून जातो.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदा